किऑस्कमधला पावती प्रिंटर: जोडणी, तपासणी आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

दुकानाच्या गल्ल्यावरचा थर्मल प्रिंटर आणि किऑस्कच्या, म्हणजे लोकांनी स्वतःच वापरायच्या यंत्राच्या, पेटीत बसवलेला थर्मल प्रिंटर यांची यंत्रणा जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो आजूबाजूच्या माणसांत. गल्ल्यावर पावती अडकली तर दुकानदार झाकण उघडतो, कागद ओढून काढतो, पुन्हा छापतो आणि गिऱ्हाइकाला त्याचे काही वाटत नाही. किऑस्कसमोर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. त्याने पैसे भरलेले असतात, पडद्यावर ‘धन्यवाद’ झळकलेले असते, मागे रांग असते आणि फटीतून कागद काही बाहेर येत नाही. ग्वाल्हेरला लष्कर, मुरार, ठाटीपूर या भागांतल्या दवाखान्यांत आणि खाण्याच्या ठिकाणी टोकनचे व पावत्यांचे किऑस्क बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी करतो. या कामातून माझे ठाम मत झाले आहे की किऑस्क उभारताना पडद्यापेक्षाही जास्त विचार प्रिंटरचा करावा, आणि प्रिंटर बिघडला असे कानावर आले की प्रिंटरवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा. दोष बहुतेक वेळा विजेत, केबलमध्ये, कागदात किंवा उष्णतेत असतो.

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदाच्या एका बाजूवर रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी रसायन यांचा पातळ थर दिलेला असतो. उष्णता लागली की हा थर वितळतो, दोन्ही रसायने एकमेकांत मिसळतात आणि तेवढी जागा काळी होते. ही उष्णता देणारी अरुंद पट्टी म्हणजे प्रिंट हेड. २०३ डीपीआयच्या (दर इंचाला २०३ ठिपके) हेडवर दर मिलिमीटरला ८ सूक्ष्म तापणारे ठिपके असतात. ८० मिमी रुंदीच्या कागदावर प्रत्यक्ष छपाई साधारण ७२ मिमीवर होते, म्हणजे एका ओळीत ५७६ ठिपके. ५८ मिमीच्या कागदावर ४८ मिमी, म्हणजे ३८४ ठिपके. हे आकडे सुरुवातीलाच देतो आहे, कारण पुढची बरीच कोडी त्यांच्यावरून सुटतात.

पेटीत बसवण्याआधी प्रिंटर टेबलावर चालवून पाहावा. फीडचे बटण दाबून धरून वीज चालू केली की बहुतेक प्रिंटर स्वतःची चाचणी पावती छापतात. तिच्यावर फर्मवेअरची (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, जोडणीचा प्रकार, बॉड रेट (सीरियल केबलवरून माहिती जाण्याचा वेग), कोड पेज (कोणत्या बाइटला कोणते अक्षर याचा तक्ता), कटर चालू आहे की बंद, अशी सगळी माहिती असते. त्या पावतीचा फोटो काढून मी त्या किऑस्कच्या फाइलमध्ये ठेवतो. मूळ पावती काही महिन्यांत फिकी पडते. तक्रार आल्यावरही पहिली तपासणी हीच करायची. चाचणी पावती स्वच्छ निघाली तर हेड, कागद, रोलर आणि कटर ठीक आहेत आणि दोष संगणकाकडून येणाऱ्या वाटेवर शोधायचा. ती निघाली नाही किंवा खराब निघाली, तर संगणकाला हातही लावायचा नाही.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो विजेचा आहे. एका दवाखान्याच्या ओपीडीतल्या किऑस्कबद्दल स्वागतकक्षातल्या ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, “दादा, नुसते टोकन बरोबर निघते, पण पैसे भरल्यावरची पावती मधेच थांबते. प्रिंटर बदलूनच द्या आता.” मी जाऊन पाहिले तर चाचणी पावती उत्तम निघत होती. पैशांच्या पावतीवर मात्र सर्वांत वर दवाखान्याचे बोधचिन्ह होते आणि त्याच्याखाली कागदभर रुंदीची भरीव काळी पट्टी. ती पट्टी छापताना पहिले दोन-तीन मिलिमीटर गडद उमटायचे, मग रंग करडा व्हायचा, मग कागद कोराच सरकायचा. प्रिंटरवरचा दिवा विझून पुन्हा लागायचा आणि त्यानंतर निरर्थक अक्षरांच्या ओळी बाहेर यायच्या. या ओळी पाहून अनेक जण सॉफ्टवेअरला दोष देतात. खरे कारण वेगळे असते. प्रिंटर मधेच बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असतो, चित्राचे उरलेले बाइट संगणक पाठवतच राहतो, आणि आपण चित्राच्या मध्यावर होतो हे विसरलेला प्रिंटर तेच बाइट अक्षरे समजून छापतो.

साध्या मजकुराच्या ओळीत ५७६ पैकी थोडेच ठिपके एका वेळी तापतात. भरीव काळ्या पट्टीत सगळे तापतात, आणि त्या क्षणी वीज कितीतरी पटींनी जास्त लागते. किऑस्क बनवणाऱ्याने पडद्यासाठी लावलेल्या एसएमपीएसमधूनच (वीजपुरवठ्याच्या डब्यातूनच) प्रिंटरला २४ व्होल्ट दिले होते, तेही बारीक आणि लांब वायरीने. मल्टिमीटर लावला तर तो बिनचूक २४ दाखवत होता, कारण क्षणभराची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. प्रिंटरला स्वतःचा २४ व्होल्ट, २.५ अँपिअरचा ऍडॉप्टर आखूड वायरीने जोडल्यावर पावती पूर्ण निघाली. तो प्रिंटर अजून तिथेच चालतो आहे. ती काळी पट्टीही मी काढायला लावली आणि तिच्या जागी चौकट टाकली. पावतीवर भरीव काळा भाग जितका कमी, तितके हेडचे आयुष्य जास्त. म्हणून चाचणी पावती ठीक आणि खरी पावती अर्धवट असे दिसले की आधी वीज पाहावी, मग बाकीचे.

विजेबद्दलच आणखी एक गोष्ट. कित्येक किऑस्कमध्ये संगणक यूपीएसवर असतो आणि प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर. वीज गेली की संगणक चालू राहतो, पैसे स्वीकारतो, आणि प्रिंटर मात्र बंद पडलेला असतो. दोन्ही एकाच यूपीएसवर असलेच पाहिजेत.

यूएसबी जोडणीत विंडोजची एक सवय फार त्रास देते. स्वतःचा सीरियल क्रमांक न सांगणारा प्रिंटर एका पोर्टमधून काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजते आणि यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ असे जोडून नवी नोंद करते. सफाई करताना कोणी केबल काढली आणि शेजारच्या पोर्टमध्ये लावली, एवढे पुरे होते. सॉफ्टवेअर जुन्याच नोंदीकडे पावत्या पाठवत राहते, त्या रांगेत साचतात आणि प्रिंटर गप्प असतो. म्हणून कोणती केबल कोणत्या पोर्टची हे पेटीच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवावे आणि केबलला टाय बांधावा. विंडोज स्वतःच डीफॉल्ट प्रिंटर ठरवते ती सेटिंगही बंद करावी, आणि यूएसबी पोर्टला झोपवणारी वीजबचतीची सोयही बंद करावी; रात्रभर शांत असलेल्या किऑस्कची सकाळची पहिली पावती न निघण्यामागे बऱ्याचदा हीच सोय असते. किऑस्कचे पान क्रोममध्ये चालत असेल तर क्रोम सुरू करताना ‘किऑस्क-प्रिंटिंग’ हा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे छपाईची खिडकी न उघडता पावती थेट डीफॉल्ट प्रिंटरवर जाते. ड्रायव्हरमध्ये कागदाची लांबी ए४ इतकी, म्हणजे २९७ मिमी ठेवली गेली असेल तर चार ओळींच्या टोकनमागे वीतभर कोरा कागद निघतो. रोल लवकर संपतो अशी तक्रार आली की आधी ही लांबी पाहावी.

लिनक्सवर काम जास्त सरळ आहे. प्रिंटर ‘यूएसबी एलपी’ म्हणून दिसतो आणि त्याच्याकडे थेट बाइट पाठवता येतात. मात्र ज्या वापरकर्त्याच्या नावाने किऑस्क चालतो त्याला ‘एलपी’ गटात घ्यावे लागते, आणि यूडेव्हचा (उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) नियम लिहून प्रिंटरला कायमचे नाव द्यावे लागते.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. ग्वाल्हेरच्या किऑस्कवर पावती हिंदीत हवी असते. एखाद्या मराठी संस्थेला ती मराठीत हवी असते. पावती प्रिंटर ज्या ईएससी/पीओएस आज्ञा समजतात त्या मूळ एप्सनच्या आहेत, आणि त्यांतल्या नेहमीच्या कोड पेजांमध्ये देवनागरी नसते. युनिकोड देवनागरी थेट पाठवली तर चिन्हांचा कचरा छापला जातो. बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये चिनी अक्षरांची पद्धत आधीपासूनच चालू असते; तिथे दोन-दोन बाइट मिळून एकेक चिनी अक्षर होते आणि ‘रुग्णाचे नाव’च्या जागी चिनी मजकूर उमटतो. कोड पेज बदलत बसून इथे काही साधत नाही, कारण देवनागरीला नुसती अक्षरे पुरत नाहीत. जोडाक्षरे, रफार, वेलांटीची जागा हे सगळे जुळवणारी यंत्रणा लागते आणि ती संगणकाकडेच असते. म्हणून मजकूर संगणकावरच ५७६ ठिपके रुंदीच्या शुद्ध काळ्या-पांढऱ्या चित्रात उतरवायचा आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचे. रुंदी ५७६ पेक्षा जास्त झाली की उजवी कड कापली जाते. चित्रात करड्या छटा ठेवू नयेत. त्या ठिपक्यांत विरघळतात आणि अनुस्वार दिसेनासे होतात. टंक जरा जाड वजनाचा घ्यावा, कारण २०३ डीपीआयवर बारीक टंकाच्या मात्रा तुटतात.

चित्र पाठवण्याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि जुन्या किऑस्कमध्ये प्रिंटर सीरियल केबलवर असेल तर ती फार होते. एका ओळीतले ५७६ ठिपके म्हणजे ७२ बाइट, दर मिलिमीटरला ८ ओळी, म्हणजे एका मिलिमीटरला ५७६ बाइट. १० सेंटिमीटरची पावती ५७,६०० बाइटची झाली. ९६०० बॉडवर सेकंदाला सुमारे ९६० बाइट जातात, म्हणजे तेवढ्या पावतीला पूर्ण एक मिनिट लागते; कागद अडखळत पुढे सरकतो आणि जिथे जिथे थांबतो तिथे बारीक पांढरी रेघ राहते. तोच वेग ११५२०० केला की काम ५ सेकंदांत होते. वेग संगणकावर आणि प्रिंटरच्या डिप स्विचवर (सेटिंगच्या छोट्या खटक्यांवर), दोन्हीकडे सारखाच असावा लागतो, आणि हँडशेकची, म्हणजे ‘थांब’ आणि ‘पुढे पाठव’ हे एकमेकांना कळवण्याची, पद्धतही दोन्हीकडे एकच लागते. ती जुळत नसेल तर छोट्या पावत्या ठीक निघतात आणि लांब पावतीचा मधला भाग गाळला जातो, कारण प्रिंटरचा बफर (आलेले बाइट तात्पुरते साठवण्याची जागा) भरल्याचे संगणकाला कळतच नाही.

कागद हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कोरी पावती निघाली की पहिल्यांदा कागदावर नखाने जोरात रेघ ओढावी. रेघ काळी उमटली तर ती रसायनाची बाजू. ती हेडकडेच असली पाहिजे. रोल उलटा घातल्यामुळे ‘प्रिंटर मेला’ असे सांगणारे फोन मला नेहमी येतात, आणि सांगणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो, कारण रोल कसा घालायचा याचे चित्र पेटीच्या आत कोणी लावलेलेच नसते. ते चित्र लावणे हे बसवणाऱ्याचे काम आहे.

किऑस्कमध्ये सोय म्हणून मोठ्या व्यासाचा रोल लावतात. असा रोल जड असतो. प्रिंटरचा रोलर कागद ओढायला लागतो तेव्हा रोल क्षणभर जागचा हलत नाही, कागद घसरतो आणि पावतीच्या पहिल्या एक-दोन ओळींतली अक्षरे वरून दाबल्यासारखी बुटकी उमटतात. हेडमध्ये काही दोष नसतो. रोल आणि प्रिंटर यांच्यामध्ये स्प्रिंगचा दांडा बसवून कागदाला थोडी ढील दिली की अक्षरे पूर्ववत होतात. रोल संपत आला की अडचण वेगळी येते. गाभ्याजवळचा कागद घट्ट वळलेला असतो, कापल्यावर तो गोल फिरून पुन्हा फटीत शिरतो आणि पुढची पावती त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणून कागद संपत आल्याची सूचना देणारा सेन्सर अगदी शेवटच्या वेढ्यांवर न लावता थोडा आधी जागा होईल असा सरकवून ठेवावा. थोडा कागद वाया गेला तरी चालतो.

माणसे कागद कापला जाण्याआधीच तो ओढतात, आणि तसे करणे स्वाभाविक आहे. त्यामुळे कटर वाकड्या कागदावर चालतो आणि पाते मधेच अडकते. अशा वेळी झाकण उघडत नाही आणि लोक ते जबरदस्तीने उघडायला जातात. बहुतेक प्रिंटरमध्ये कटरजवळ एक छोटे चाक असते. वीज बंद करून ते बोटाने फिरवले की पाते मागे जाते आणि झाकण सहज उघडते. जिथे गर्दी जास्त, तिथे प्रेझेंटर असलेला प्रिंटरच घ्यावा असे माझे मत आहे. तो कागद कापून होईपर्यंत आतच धरून ठेवतो आणि मगच पुढे करतो. त्याची जास्तीची किंमत फेऱ्या वाचण्यातून भरून निघते.

ग्वाल्हेरचा उन्हाळा या सगळ्याची परीक्षा घेतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि काचेच्या दारामागे उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत तो त्याहून बराच वर असतो. थर्मल कागद साधारण ७० अंशांच्या आसपास काळा पडू लागतो, पण त्याच्या खाली बराच काळ राहिला तरी करडा होतो आणि अक्षरांचा उठाव जातो. हेडला स्वतःचे तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. हेड फार तापले की प्रिंटर थांबतो आणि थंड झाला की आपोआप पुढे चालू लागतो. दुपारी रांग असताना मधेच थांबणारा आणि मेकॅनिक येईपर्यंत बरा होणारा प्रिंटर बहुधा या कारणाने थांबलेला असतो. गडदपणा कमी करावा, पेटीच्या वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा, आणि खाली जिथून हवा आत येते तिथे धुळीसाठी जाळी लावावी. लू वाहते त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की माणसाच्या बोटातून पेटीला ठिणगी बसते. ती फटीच्या धातूच्या चौकटीवर पडली तर यूएसबीची जोडणी तुटते. रंग दिलेल्या पत्र्यावर नुसता स्क्रू पिळून अर्थिंग होत नाही. रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून चौकटीपासून अर्थपर्यंत वायर न्यावी आणि ती मीटरने तपासावी.

हेडची सफाई हे पाच मिनिटांचे काम आहे. वीज बंद करावी, हेड थंड होऊ द्यावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हेडच्या रेषेवरून फिरवावा आणि वाळल्यावरच झाकण लावावे. चाकू, पिन, सँडपेपर यांतले काहीही वापरू नये. पावतीवर उभी पांढरी रेघ येत असेल आणि सफाईनंतरही ती त्याच जागी राहिली, तर तेवढा ठिपका जळाला आहे आणि हेड बदलावे लागेल. रेघ क्यूआर कोडमधून जात नसेल तोवर काम चालते.

शेवटी सॉफ्टवेअर, ज्याकडे किऑस्क विकणारे सर्वांत कमी लक्ष देतात. पावती पाठवली म्हणजे छापली गेली असे नव्हे. संगणकाने बाइट दिले आणि केबलने ते नेले, एवढेच त्याला ठाऊक असते. प्रिंटरला त्याची स्थिती विचारता येते. ईएससी/पीओएसमध्ये ‘डीएलई ईओटी’ नावाची आज्ञा आहे. तिच्यापुढे २ दिले तर झाकण उघडे आहे का ते समजते, ३ दिले तर कटर अडकला आहे का किंवा हेड तापले आहे का ते समजते, आणि ४ दिले तर कागद संपत आला आहे की संपला आहे ते समजते. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरमधून छापणाऱ्या किऑस्कला हे उत्तर बहुधा मिळत नाही. त्यासाठी प्रिंटर बनवणाऱ्याची लायब्ररी वापरावी किंवा पोर्टशी थेट बोलावे. ही चौकशी पैसे मागण्याआधी व्हायला हवी. कागद नसेल तर पडद्यावर तसे स्पष्ट लिहावे आणि शेजारच्या खिडकीकडे पाठवावे. कागद संपत आला असेल तर काम चालू ठेवून सांभाळणाऱ्याला संदेश पाठवावा. छापून झाल्यावर पुन्हा विचारावे, आणि उत्तर बरे नसेल तर पावतीचा क्रमांक पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवून मोबाइलवरही पाठवावा, आणि ती पावती खिडकीवरून पुन्हा छापता येईल अशी नोंद ठेवावी. प्रत्येक उत्तर वेळेसह फाइलमध्ये लिहून ठेवले की तक्रार आल्यावर अंदाज बांधावे लागत नाहीत. हेड तापल्याच्या नोंदी दुपारी दोन ते चारमध्येच दिसल्या तर पंखा लावायचा, आणि कटरच्या नोंदी सकाळच्या गर्दीत दिसल्या तर प्रेझेंटरचा खर्च मालकापुढे मांडायचा.